उतारा

न्यूपोर्टमध्ये रात्री तीनला
स्वयंपाकघरात उजेड फक्त फ्रिजचा.
डाएट कोलाची कडी ओढताना मी खोकते,
फस्स आवाज निनादला जाऊ नये म्हणून.
यात चोरी कसली?
पण बाळंतिणीने थंड पिऊ नये,
हे कुणी न म्हणताही ऐकू येतं,
आईच्या आवाजात, कानाला रुमाल बांधून.

पोटात होती तेव्हा माझी साखर वाढली.
दिवसातून चारदा बोट टोचायचं.
तेव्हापासूनचा हा डबा.
आईने पाठवलेले डिंकाचे लाडू वरच्या फळीवर आहेत,
एक कस्टमच्या माणसाने फोडून पाहिलेला.

मी साखर कारखान्याच्या कॉलनीतली.
गाळप सुरू झालं की मळीचा वास
वेणीत, वहीत, डब्यातल्या पोळीत.
बाबा लॅबमध्ये केमिस्ट.
दारात चपला काढता काढता उतारा सांगायचे:
अकरा पूर्णांक चार. आज अकरा पूर्णांक सहा.
आमटीत मीठ पडलंय की नाही
हे मात्र त्यांना कधी कळलं नाही.
निवृत्तीच्या वर्षी मधुमेह निघाला.
आता खिशातल्या डबीतून एक पांढरी गोळी
चहात टाकतात आणि ढवळत बसतात,
ती केव्हाच विरघळलेली असते.

पाचव्या दिवशी ग्लेनिस आली होती.
लेकीची टाच तळहातात धरून तिने ऊब दिली,
मग टोचली,
आणि कागदावरचे चार गोल
थेंबाथेंबाने भरून घेतले.
शाब्बास म्हणाली, मला की तिला, कळलं नाही,
दोघीही रडत होतो.
एक पत्रक ठेवून गेली. ते मी फ्रिजवर लावलं.

म्हणून तर दिसलं.
पत्रकातला एक लांबलचक शब्द
डब्याच्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत.
फेनिलॲलनिन.
एका आजारात हे पचत नाही, साठतं, मेंदूपर्यंत जातं.
तो आजार आहे का, हे टाचेच्या रक्तावरून कळणार,
आणि कळल्याचं पत्र यायचं होतं.

माझ्यातून तिच्यात काय काय उतरतं?
लसूण उतरतो म्हणतात. ओवा उतरतो.
सर्दीची गोळी, रात्रीची धास्ती.
मग ही खोटी गोडी?
साखरझोपेची वेळ, नावापुरती,
आणि मी अंधारात शब्द जुळवत बसलेली.

ग्लेनिसला विचारलं.
तिने हसणं दाबलं नाही, पण लगेच आवरलं.
म्हणाली, एखाद्या डब्याने काही होत नाही.
तहान लागली तर आधी पाणी पी. कॅफिनकडे बघ.
आणि पत्राचं म्हणशील,
तसं काही असतं तर आम्ही पत्र लिहीत बसलो नसतो,
फोन केला असता.
जाता जाता दारातून वळून:
मध मात्र नको हं, वर्षभर. बोटभरसुद्धा नको.

रविवारी व्हिडिओवर बाबांनी विचारलं,
तुझ्या दुधाचा ब्रिक्स किती असेल गं?
मागून आई ओरडली, काहीतरीच काय विचारता पोरीला!
बाबा खरंच विचारत होते.

पत्र आलं ते पिझ्झाच्या जाहिरातीखाली,
कचऱ्याच्या वारांच्या यादीसोबत.
प्रत्येक ओळीपुढे तेच: आढळले नाही. आढळले नाही.
जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून
मी ते दोनदा वाचलं, मग कचऱ्याची यादीही वाचली.

त्या रात्रीही तीनला उठले.
डबा उघडला, न खोकता.
ती दचकली, हात पसरले, परत लुचू लागली.
दुसऱ्या बाजूने पान्हा आपोआप सुटला,
मनगटावर ओघळला, मी जीभ लावली.

गोड होतं.
गोळीसारखं नाही, मागून जिभेवर चिकटून राहणारं.
उसाच्या शेंड्याकडची कांडी असते तसं,
ट्रॉलीतून ओढून आम्ही पोरं पळायचो,
घाईत हाताला नेमकी तीच यायची,
पाणचट, जराशीच गोड,
तरी चोथा होईपर्यंत चावायचो.

उरलेला कोला सकाळी सिंकपाशी दिसला, मेलेला.
बाबांना हे सांगितलं नाही.
त्यांनी आकडा विचारला असता.