डावीकडे बघा

जुलैतला रविवार. वानाद्झोरहून सुटलेली बस.
वाचनालयाची सहल : जेवण, मठात पाच गायकांचं गाणं,
आणि ‘निसर्गसौंदर्य’,
असं पत्रकात मीच छापलं होतं.
सतरा जागा, अठरा माणसं.
अठरावी शोगाकात, टपालखात्यातून निवृत्त,
मांडीवर जर्दाळूंची पिशवी,
कुणाला एक देईल तर शपथ.

हमाझास्प या वळणाला शिवी हासडतो
आणि पुढच्या वळणाला तिची माफी मागतो.
खाली देबेद, घुसळल्यासारखी पांढरी,
वर कडे, त्यांच्यावर सपाट कुरणं,
कुरणांवर गवताचे भारे, आणि त्यांच्याही वर
आणखी एक डोंगर, आधी ढग वाटलेला.

माहिती सांगणारा पोरगा नवा आहे.
माइक जवळजवळ गिळतो.
“डावीकडे बघा, तेराव्या शतकातला…”
सगळी बस डावीकडे कलते.
शोगाकात उजवीकडे बघते.

उजवीकडे काही नाही.
तीन अक्रोड, कंबरभर गवत,
कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या.
“एकशे चौऱ्याहत्तर,” ती काचेला सांगते.
“वर मुकुच राहायचा. मुलगा रशियात, रस्त्याच्या कामावर.
मुकुचला अक्षर लागत नसे, पत्र मीच वाचून दाखवायचे.
एकदा एक ओळ गाळली.”

कुठली, म्हणेपर्यंत बोगदा आला.
बोगदा संपला तेव्हा
तिच्या तोंडात जर्दाळू होता.

मठात गारवा, मेणाचा वास.
पाचांतल्या एका गायकाला पडसं झालेलं.
तरी शेवटचा स्वर
घुमटानं थोडा वेळ स्वतःकडे ठेवून घेतला
आणि परत केला तेव्हा तो
जरा जुना झाला होता.
लोक क्रूसशिळांवरची नक्षी फोनमध्ये भरत होते.
शोगाकात बाहेर, फाटकाच्या भिंतीवर
बोटानं चार भोकं शोधत होती.
इथे पेटी होती, निळी.
हिवाळ्यात झाकण गोठायचं,
श्वास फुंकून उघडावं लागे.

आणि वार्दावारच होता तो, विसरलोच होतो आम्ही!
गावातली पोरं बादल्या घेऊन दबा धरून.
आज कुणी कुणाला भिजवलं तरी रागवायचं नाही.
माइकवाला पहिल्या फटक्यात गारद.
हमाझास्प बसच्या चाकामागे.
एक मुलगी मात्र शोगाकातसमोर
भरली बादली घेऊन नुसतीच उभी.
म्हातारीनं चष्मा काढला,
पिशवी माझ्या हातात दिली.
“ओत. सगळं ओत, शिल्लक ठेवू नकोस.”

मग निथळत, पापण्या मिटून, तिनं विचारलं :
“तू कुणाची?”
मुलीनं आडनाव सांगितलं.
शोगाकातनं ते दोनदा उच्चारलं,
पाकिटावरचा पत्ता वाचावा तसं.
नाही. ओळखीचं नव्हतं.
तीस वर्षं हे गाव पायांनी पाठ केलेलं,
आणि एक दार तिला माहीत नव्हतं.
तिला वाईट वाटलं असं वाटलं मला,
पण ती मुलीला म्हणत होती, “कुठे? दाखव.”
आणि निघालीही, ओल्या बुटांनी पचपच करत.
बस चाळीस मिनिटं खोळंबली.

परतताना बोगद्याआधी
ती ओळ विचारायचीच असं ठरवलं होतं.
ती झोपली होती, काचेला गाल लावून,
उजव्या बाजूच्या.
पिशवी अजून माझ्याकडेच.
एक जर्दाळू खाल्ला, न विचारता,
आणि बी वानाद्झोरपर्यंत
जिभेखाली धरून ठेवली.