डब्याला घाम

मागच्या खेपेला टॉवेल ओले आले.
सोलापूरचे, सतराशे डझन, चाळीस फुटी कंटेनरात.
इप्सविचच्या गोदामापुढे दार उघडलं
आणि बंद विहिरीसारखा वास अंगावर आला.
ज्यांनी अंगं पुसायची, त्यांचीच अंगं भिजलेली.

तेव्हाच्या एजंटचं एका ओळीचं उत्तर:
विमा तुम्ही उतरवायचा होता, मॅडम.

दूध पोळून झालं होतं.
या वेळी तीन ठिकाणी ताक फुंकायचं ठरवलं.

पहिला लंडनात, अकराव्या मजल्यावर.
भिंतभर पडद्यावर जहाजांचे निळे ठिपके.
तुमचाही ठिपका दिसेल, म्हणाला, रात्री दोनला बघा हवं तर.
आणि ठिपका थांबला, तर फोन कोण उचलेल?
त्याने एक ईमेल पत्ता लिहून दिला.

दुसरा टिलबरीचा, फोनवरच. दर इतका खाली
की मलाच संकोच वाटला.
यात धक्क्याचं भाडं, डेमरेज, कस्टमची कागदं?
ते नंतर बघू हो.
'नंतर'वर व्हॅट किती लागतो, विचारायचं राहून गेलं.

तिसरी ट्रिमलीत, केस कापायच्या दुकानावर, अरुंद जिना.
मॉरीन गॉस्लिंग. टेबलाखाली घोरणारं कुत्रं,
खिडकीत फेलिक्स्टोच्या क्रेनांच्या माना.
दर तिघांत सगळ्यात चढा.

दोघांना विचारलेलंच तिलाही विचारलं:
तुमच्या हातून शेवटचं काय बिघडलं?
(पहिला म्हणाला होता, आमची सिस्टिम.
दुसरा नुसता हसला होता.)
मॉरीनने चहा ढवळला, साखर नसताना, बराच वेळ.
"ऑक्टोबरात. एक पियानो. कोडमधला एक आकडा चुकला माझा.
एकोणीस दिवस अडकला. भाडं मी भरलं."

मग तिनेच विचारायला घेतलं:
गाठी बांधताना माल कोरडा होता?
खालची लाकडं वाळलेली होती?
निघाला तेव्हा ऊन किती, पोचला कुठल्या महिन्यात?

डब्याला घाम फुटतो, म्हणाली.
उन्हातून थंडीत आला की आतली ओल छताला चिकटते
आणि थेंब थेंब खाली उतरते.
समुद्र आत आलाच नव्हता तुमच्या.

वर्षभर मी समुद्रावर रागावले होते.

रात्री अंबादास गुर्रमना फोन लावला.
बराच वेळ तिकडून फक्त मागांची खडखड.
"लाकडं होय? ती तर टाकीपाशी पडलेली होती ओ.
आजवर कुणी विचारलंच नाही."

सही केली. तीन वेळा वाचून केली,
कारण मॉरीनच म्हणाली, माणूस बरा वाटला म्हणून
बारीक अक्षरं मोठी होत नाहीत.
विमा या वेळी मी उतरवला.

आता डबा सुएझच्या अलीकडे कुठेतरी आहे.
ठिपका नाही. गुरुवारी तिचा फोन येतो:
"माझ्या माहितीप्रमाणे कोरडं. माहिती सोमवारची आहे."
मी बरं म्हणते, फोन ठेवते
आणि उगाचच वर, छताकडे बघते.