दिवा क्रमांक सतरा

रास अल खैमाच्या अलीकडे, खाडीला लागून
मोती काढणाऱ्यांचं एक गाव.
माणसं उठून गेली, भिंती राहिल्या,
पोवळ्याच्या दगडाच्या. हात फिरवला
की शिंपल्यांच्या कडा बोटाला लागतात.

आता तिथे तिकीट आहे, पाट्या आहेत.
मशीद. बुरूज. सावकाराचं घर.
वारा धरून खाली खोलीत सोडणारा मनोरा.
आणि मी, चाळीस दिव्यांचा कंत्राटी वायरमन.
साहेब म्हणाले होते,
कुठे अंधार दिसता कामा नये.

तिसऱ्या रात्री खमीस बिन सालेम आला.
रीतसर तिकीट काढून,
घडी घालून खिशात ठेवलेलं.
सतरा नंबरच्या भिंतीशी थांबला. म्हणाला,
‘इधर छत पे हम नौ भाई सोता था.’
बोट वर केलं.
वर छत नव्हतं,
माझ्याच दिव्याचा दुधट झोत, त्यात पाखरं.

मी पेटी उघडून सतराचा खटका पाडला.

आधी नुसता काळोख.
मग चाळणीतून रवा पडावा
तशा एकेक चांदण्या.
भिंतीला पाठ लावून तो बसला,
अरबीत मोजू लागला.
सातावर थांबला.
मी विचारलं नाही.

वहीत लिहिलं,
दिवा क्र. १७ नादुरुस्त, सुटा भाग मागवला आहे.
दर महिन्याला तेच लिहितो.
खाली सही,
मो. धा. दुदवडकर.