ओवलेलं

येरेवानच्या कारखान्यात अरुस्याक तारा ओवायची.
मोहरीएवढ्या काळ्या कड्या,
प्रत्येकीतून एक तार आडवी, एक उभी
आणि तिसरी तिरकी. तिला बायका चहाडखोर म्हणायच्या,
कडीच्या पोटातलं तीच बाहेर सांगायची.

शिंक आली तर आधी चौकट दूर सरकवायची,
मग शिंकायचं.
चार हजार शहाण्णव कड्या. एक चुकली की उसवा.

कडीत साठायचं ते एवढंच:
चुंबकत्व या अंगाला वळलं तर एक,
त्या अंगाला वळलं तर शून्य.

आणि खोड अशी, की वाचलं की पुसलं.
विचारायचं तर तिला शून्याकडे ढकलावं लागे;
कुरकुरली तर समजायचं, एक होता.
होता.
म्हणून यंत्र वाचल्याबरोबर तेच पुन्हा लिहून ठेवी,
शेजारणीची वाटी भरून परत करावी तसं.

मग तो हिवाळा आला, वीज दिवसातून तासभर.
लोकांनी शेगडीत खुर्च्या घातल्या, मग फरशीच्या फळ्या.
कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी
एक सुटी चौकट अरुस्याकने
लोकरी मोज्यातून घरी आणली.
चोरी कसली, म्हणते, माझे डोळे गेलेत त्यात,
ते घेऊन आले.

तीस वर्षं पिठाच्या डब्यामागे.
ना वीज, ना बॅटरी.
वळल्या त्या वळलेल्या.

मी तिच्या बहिणीचा नातू, सर्व्हर सांभाळतो.
माझ्याकडची स्मृती गळका माठ,
सेकंदाला पंधरा वेळा भरावी लागते
आणि दिवे गेले की कोरडी.

गेल्या पावसाळी रविवारी तारा जोडल्या.
वाचणारा भाग चालत होता, लिहिणारा नाही.
"वाचू?" मी विचारलं.

तिने हात पुसले. म्हणाली,
तपासणीच्या टेबलावर लुसिने होती,
शेवटच्या दिवशी हिच्यात काहीतरी भरलं तिने,
एकटीच हसत होती.
काय ते बोलली नाही.
फेब्रुवारीत गेली, न्यूमोनियाने.

"आणि तू,
लिहिता येईना अन् वाचायला निघालास?"

तो ट्रान्झिस्टर आता कुणी बनवत नाही.
ग्युमरीच्या भंगारवाल्याला सांगून ठेवलंय.
अरुस्याक ब्याऐंशीची झाली.
दर रविवारी विचारते, मिळाला का,
आणि उत्तर ऐकायच्या आधीच
डबा जरासा बाजूला सरकवून बघते.