अडतीस चौकोन

तांदळाच्या डब्याला टेकून फोन उभा करायचा
आणि कपाटाच्या दारावर खडूनं तारीख लिहायची,
असा वर्ग भरायचा माझा.
नववी ब. भूमिती.
पटावर अडतीस. उघडायचे बावीस चौकोन,
नेट बरं असलं तर चोवीस.

कुणाच्या चौकोनात नुसता पंखा,
कुणाचं कपाळ,
प्रणोतीच्या चौकोनात एकदा गंगावेशीतली म्हैस,
कट्ट्यावर धारेला उभी केलेली,
थेट माझ्याकडं बघत रवंथ करणारी.
समांतर रेषा त्या दिवशी राहूनच गेल्या.
सगळे हसलो. म्हणजे मी हसले.
त्यांचे माईक बंद,
चोवीस तोंडं नुसती उघडलेली दिसली.

शाहीनचा चौकोन पावणेनऊला मिटायचा.
फोन अब्बांचा, अब्बा शिरोलीला फौंड्रीत.
"बाई, जातो," म्हणायची, इथल्या पोरी म्हणतात तसं,
आणि जायची.
पक्ष तिच्या वहीत असायचा, साध्य असायचं,
सिद्धतेपुढं कोरं पान.
मी व्हॉइस मेसेज करून ठेवायचे.
रात्री साडेअकराला निळ्या खुणा.
त्या वेळी तिला काय कळत असेल, कुणास ठाऊक.

आणि सत्ताप्पा.
शाळेत शेवटचा बाक, भिंतीकडचा.
उत्तराला उठला की पहिलंच अक्षर अडायचं
आणि वर्ग त्याचं वाक्य पुरं करून टाकायचा.
वाईट कुणी नव्हतं. घाई होती.
मलाही होती, पोर्शन संपवायचा असायचा.

घरी चपलांचं काम, सुभाषनगरात.
त्याच्या मागं सदा ठोक ठोक,
म्हणून माईक कायमचा बंद.
एके दिवशी त्या चौकोनाखाली अक्षरं उमटली:
"बाई ५, ६, ८ काटकोन होत नाही. चुकलं तुमचं."
मी कपाटाचं दार पुसलं.
दुसऱ्या दिवशी: "दुसरी रीत हाय, लिहू?"
तिसऱ्या दिवशी: "बाई तुमच्या मागं दूध उतू चाललंय."
मग त्यानं मलाच गणित घातलं,
एका कातड्यात तळवे किती बसतील,
उलटसुलट मांडून, वाया कमीत कमी.
मला दोन दिवस लागले. त्याला पाठ होतं.

मग शाळा उघडली.
घंटा, पोरांचा गलका, डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास.
शाहीन पहिल्या बाकावर,
अख्खी सिद्धता लिहून होईपर्यंत
मला फळा पुसू देत नाही.
तिची नजर दरवाजाकडं जाते मात्र, पावणेनऊला, अजून.

सत्ताप्पा भिंतीकडं.
विचारलं. उठला.
पहिलं अक्षर अडलं.
कुणीतरी पुढचं सांगून टाकलं, चुकीचं.
त्यानं मान हलवली आणि बसला,
जणू त्यालाही तेच म्हणायचं होतं.

वरून फॉर्म आलाय:
ऑनलाइन शिक्षणाचे फायदे, तोटे.
दोन रकाने, प्रत्येकी पाच मुद्दे, शुक्रवारपर्यंत.
तोट्यांत शाहीन लिहिली, मग खोडली,
अशी नावं लिहायची नसतात तिथं.
सत्ताप्पाशी पेन थांबलं.
फायदा झाला होता खरा,
पण तो आता कुठं गेला म्हणून लिहू?

रात्री फोन वाजला.
सत्ताप्पाचा व्हॉइस मेसेज. लिहिलेलं काही नाही, आवाज.
एक मिनिट बावन्न सेकंद,
त्यात वाक्य एकच.
सुरुवातीला नुसती ठोक ठोक,
मग ते अक्षर. मग परत तेच अक्षर.
मी गॅस बंद केला
आणि ओट्याला टेकून उभी राहिले.
मागं त्याचा बाप ठोकत होता,
मधे कुणी बोललं नाही.