पाहुण्याने पडदा अजून लावलेला नाही

जळगाव, एमआयडीसी. पत्र्याखाली चव्वेचाळीस.
फिरके शेठच्या दालमिलमधला
डाळ निवडणाऱ्या यंत्राचा कॉम्प्युटर शेवटी गेला.
अठरा वर्षं तुरीची धूळ खाऊन
मदरबोर्ड असा झाला होता
की पेरला असता तर उगवला असता.

बनवणारी कंपनी बुडालेली.
सॉफ्टवेअर नव्या मशीनला ओळख देईना.
मग मी जुनी डिस्क जशीच्या तशी उचलली
आणि नव्या डब्याच्या पोटात
एक खोटा जुना डबा उभा केला,
खोटा प्रोसेसर, खोटी रॅम, खोटं घड्याळ.
उठवलं. उठला.
आपण मेलो होतो हे त्याला कळलंच नाही.

पण त्याला दोन पडदे लागतात.
डावीकडे कॅमेरा, पडती डाळ, दाणा न् दाणा.
उजवीकडे आकडे:
कुठल्या नळीने कधी फुंकर मारायची,
किती काळं झालं म्हणजे काळं.
शेठने स्क्रीन घेतली एकच, रुंद.
"त्यातच दोन खिडक्या पाड," म्हणाले,
जसा मी गवंडी.

आधी दोन कार्डं दिली.
दुसऱ्याकडे त्याने
व्याह्याच्या लांबच्या चुलत्याकडे बघावं तसं बघितलं
आणि पुढे निघून गेला.
मग एकच कार्ड, त्याला दोन तोंडं.
दुसरी खिडकी उघडली. काळी.
मधोमध इंग्रजीत एक ओळ, तिचा अर्थ एवढाच:
पाहुण्याने पडदा अजून लावलेला नाही.

आमच्या धंद्यात आतल्या मशीनला पाहुणा म्हणतात.
बाहेरचा यजमान.
यजमान दोन ताटं वाढून उभा
आणि पाहुणा मान खाली घालून
एकाच ताटात जेवतोय.

सुपडूतात्या, यंत्राचे ऑपरेटर,
बारदानावर बसून कळण्याची भाकरी मोडत होते.
"उघडना का दुसरा डोया?"
नाही तात्या.
"मंग पहिला काय कामना?"

रात्री साडेनऊला उघडला,
पण उजव्या खिडकीत माऊस हलवला
की बाण डावीकडे पळायचा.
तात्या खूप हसले. मी नाही.
पुन्हा बंद केला तर पुन्हा काळा.

खरा मॉनिटर वायर लागताच
आपलं नाव सांगतो, गाव सांगतो, रुंदी-उंची सांगतो.
नसलेल्याच्या वतीने ते कुणीतरी सांगावं लागतं.
मी एक जन्मदाखला लिहायला घेतला:
नाव, कारखाना, साल,
एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट.

"काय लिही ऱ्हायना?"
खोटं नाव, तात्या. म्हणजे तो फसेल.

तात्यांनी हात धुतले.
म्हणाले, माझ्याआधीचे तीन गेले.
मग मायने मला सुपात घातलं,
ओढत उकिरड्यापर्यंत नेलं
आणि मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली,
"हाऊ पोऱ्या मन्हा नही."
शेजारच्या दगूबाईने ओंजळभर डाळ देऊन विकत घेतलं,
संध्याकाळी मायच्याच मांडीवर आणून ठेवलं.
ते आलं असेल नंतर दारापर्यंत.
सुपडू नाव ऐकलं असेल. केर समजून परत गेलं.
त्रेसष्ट वर्षं झाली.

मी काहीच बोललो नाही. दाखला जोडला.
पाहुण्याला पुन्हा उठवलं.

डावीकडे डाळ पडायला लागली.
उजवीकडे आकडे,
आधी शून्यं, मग खरे.
एक काळा दाणा आला, फुंकर बसली,
तो बाजूच्या पेटीत गेला.
तात्यांनी पेटीतून तो उचलला, तळहातावर घोळवला,
पाखडल्यासारखा मनगटाला एक झटका दिला
आणि हळू आवाजात म्हणाले,
"त्याले सांगू नको."

बाण अजूनही कधीकधी चुकीकडे जातो.
तो मी पुढच्या मंगळवारी बघणार आहे.

बिलात मी लिहिलं: मॉनिटर, नग एक, नसलेला.
शेठने चष्मा लावून वाचलं
आणि खोडलं.