चूळ

रास अल खैमाच्या गोदीत, जून महिन्यात,
सकाळी अकरानंतर लोखंड हातमोज्यातूनही चावतं.
टँकरच्या पोटात इद्रीस हमदुले वेल्डिंग करत होता,
बाणकोटचा माणूस, अठरावा रोजा.
मी वरून केबल सोडत होतो.
कमरेला गार पाण्याची बाटली,
ती त्याच्यासमोर काढायची लाज,
म्हणून खांबाआड जाऊन प्यायचो,
चोरासारखा, स्वतःच्याच पैशाचं पाणी.

दुपारच्या सुट्टीत तो वजू करायला नळावर आला.
टाकीचं पाणी चहाइतकं कढत.
ओंजळ भरली, तोंडात घेतली, गालात फिरवली
आणि थुंकून टाकली. सगळी.
तीन वेळा. मी मोजत होतो.
जिभेवर पाणी, घसा तिथून चार बोटं दूर,
आणि आसपास फक्त मी, एक मांजर, एक गंजलेला नांगर.
घोटभर खाली उतरलं असतं
तर साक्षीला कोण होतं?
मी तर त्याच्याच बाजूने साक्ष दिली असती.

मला माझा राखेचा बुधवार आठवला.
कपाळावर राख होती, आणि स्वतःशीच म्हटलं होतं:
चाळीस दिवस सिगारेट नाही.
नवव्या दिवशी क्रेनचा पट्टा तुटला, फोरमन ओरडला,
संध्याकाळी कॅम्पच्या मागे एक पेटवली.
देव दयाळू आहे, म्हटलं.
दहाव्या दिवशीही तो दयाळूच होता.
पाकीट संपेपर्यंत मी त्याची दया ओढत राहिलो.

एकदा रात्री, खजुराच्या बिया वाटीत टाकता टाकता विचारलं,
तुला मोह होत नाही?
हसला. "इनास, अरे चार वाजले की मी माणसांत नसतो.
परवा त्या नेपाळी पोराला उगाच आईवरून शिवी दिली.
मग तो रोजा काय कामाचा, सांग.
पण पाण्याचं म्हणशील, तर मी मनाला विचारतच नाही.
विचारलं की ते वकील लावतं."

आमच्या खोलीत सहा जण.
पहाटेची बांग झाली की तिघे उठतात,
पलंग करकरतो, कुणीतरी अंधारात चप्पल शोधतं.
मी उशी कानावर घ्यायचो.
त्या पहाटे नाही घेतली.
पडून राहिलो, आणि बांगेच्या खालून, फार खालून,
गिरीजच्या चर्चची बाराची घंटा आली.

बाप केळीच्या वाफ्यात कुदळ उभी करायचा,
डोक्यावरची लाल टोपी काढायचा.
पाट फुटून पाणी भलतीकडे चाललेलं,
मी बांधावरून ओरडायचो, "बाबा, पाणी!"
तो नुसता हात वर करी.
तीन नमो मरिया होईतो
पाणी जाईल तिकडे जाऊ दे.
मला तेव्हा वाटायचं, केवढं नुकसान.

घंटा अजून वाजते म्हणतात, रेकॉर्ड केलेली.
आळीत कुणी कुदळ उभी करत नाही.
कुदळच नाही.

ईदनंतर इद्रीसला फुजैराला पाठवलं.
जाताना माझ्याकडे उसने घेतलेले चाळीस दिरहम मागून घेतले,
बाकी काही बोलला नाही.

मी शुक्रवारी मिस्सेला जातो,
इथे रविवार शुक्रवारीच येतो.
आणि रोज बाराला, जिथे असेन तिथे, हेल्मेट काढतो.
सेफ्टीवाल्याने एकदा पकडलं, पन्नास दिरहम दंड.
भरला. त्याला काय सांगणार होतो?
माझ्या बापाच्या टोपीचा रंग?

जमतंच असं नाही.
काल विसरलो.
साडेतीनला आठवलं, तेव्हा तोंडात पाणी होतं.
थुंकलं नाही. गिळलं.
मग हेल्मेट काढलं.